लेखिकेचे वडील

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

हे पत्र म्हणजे माफी नव्हे. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पाकीट उघडताना उगाच आशा लावून बसशील. दोन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, ते मी मान्य केलं आहे. राग धरायचा हक्क प्रत्येकाला आहे. मी स्वतः माझ्या थोरल्या भावाशी एका रेडिओवरून सहा वर्षं बोललो नव्हतो, आणि रेडिओ त्याचाच होता.

पत्राचं कारण वेगळं आहे. परवा मला सरकारदरबारी कळलं की मी नाही.

महापालिकेनं नवीन कार्ड काढलं आहे. ते नसेल तर दवाखान्यात आत सोडत नाहीत आणि एप्रिलमध्ये आपल्या वॉर्डाची निवडणूक आहे, तिथं मतही देता येणार नाही. कार्डासाठी यंत्रावर अंगठा लावायचा. मी आणि तुझी आई सकाळी नऊला नागरी केंद्रात गेलो. तुझ्या आईचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. तिचं सगळंच पहिल्या फटक्यात होतं, नवऱ्याची निवड सोडून. माझा लागेना. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक बोट करत दहाही झाली. काउंटरवरच्या बाईंनी ओलं फडकं दिलं. मग स्वतःच्या पर्समधलं क्रीम दिलं. आता माझ्या हातांना गुलाबाचा वास येत होता, पण पडद्यावर तेच: ‘व्यक्ती आढळली नाही.’

“आजोबा, तुम्ही सिस्टिममध्ये नाही आहात,” बाई म्हणाल्या.

“मग इथं कोण उभं आहे?”

“ते मला दिसतंय हो. पण सिस्टिमला दिसत नाही ना.”

बाई वाईट नव्हत्या. तरी माझं डोकं फिरलं. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं मी चष्म्याची भिंगं घासली. चाकावर कुरुंदाची पूड, तिच्यावर काच आणि काचेवर अंगठा. कड गुळगुळीत झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, अंगठ्यालाच कळतं. काच झिजते तसा अंगठाही झिजतो. माझ्या बोटांवर आता एकही रेष नाही. तू लहानपणी माझ्या बाकावर बसून भिंगं हाताळायचीस आणि मी ओरडायचो, ‘ठसा पुसून ठेव!’ जन्मभर दुसऱ्यांचे ठसे पुसले आणि त्यात माझेच गेले.

मग मी जरा मोठ्यानं बोललो. मोठ्यानं म्हणजे रांगेच्या शेवटापर्यंत ऐकू जाईल इतपत. म्हटलं, “बाई, लोकांना दिसावं म्हणून चाळीस वर्षं हा अंगठा झिजला. तुमच्या यंत्राला दिसत नसेल तर त्याला चष्मा लावा.”

कोणी हसलं नाही. मागचा एकजण खोकला. बाईंनी ‘पुढचे’ म्हटलं आणि आम्ही घरी आलो.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही, हे तुझ्या पिढीला पटत नाही. भिंग हेसुद्धा तंत्रज्ञानच आहे. आंधळ्याला डोळस करणारं इतकं स्वस्त दुसरं काही निघालेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की चष्मा माणसाच्या नाकाला बसतो का ते आपण बघतो, बसला नाही तर काडी वाकवतो. नाक कापत नाही. हल्लीची यंत्रं नाक मागतात.

तू लिहितेस ती मालिका मी काही बघत नाही. तुझी आई साडेसातला लावते, मी पाठ करून पेपर वाचतो. पण त्या धाकट्या जावेला सांग, कान लावून ऐकायचं असेल तर दाराला लावावा, भिंतीला नव्हे.

तुझा,
न आढळलेला बाप


१९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. ठीक आहे. माझी पत्रं वाचकांच्या सदरातसुद्धा तीनांतली एकच छापून यायची, मी काही खचून जाणारा नव्हे.

काल नगरसेवक आले होते. तेच, ज्यांचा फोटो आपल्या चौकात बसथांब्यापेक्षा मोठा आहे. ही यंत्रं त्यांनीच आणली. मागे चौघंजण, त्यातला एक फक्त फोन धरून चित्रीकरण करत होता. नगरसेवक वाकून माझ्या पाया पडायला लागले तर हा म्हणाला, “साहेब, परत एकदा, उजेड नव्हता.” ते परत एकदा पडले. मी पाय मागे घेतले.

“आजोबा, आशीर्वाद असू द्या. तुमचं मत आम्हालाच.”

“कुठून देऊ? मी नाहीच.”

“म्हणजे?”

“तुमच्या यंत्राला विचारा. तुम्ही आत्ता न आढळलेल्या माणसाच्या पाया पडलात. दोनदा.”

ते हसले. राजकारणी माणसाला कळलं नाही की तो हसतो आणि कळलं की घड्याळ बघतो. त्यांनी दोन्ही केलं. जाताना एक पत्रक देऊन गेले, त्यावर ‘प्रत्येकापर्यंत पोचलो’ असं लिहिलं होतं. माझं राजकारणाबद्दलचं मत तुला पाठ आहे, तरी सांगतो: जो माणूस निवडून यायच्या आधी पायाशी वाकतो त्याची पाठ निवडून आल्यावर दुखते, आणि मग तो पाच वर्षं बसूनच राहतो.

हेल्पलाइनला फोन लावून पाहिला. एक गोड आवाज म्हणाला, “कार्डासाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा.” दोन दाबलं. “आपली ओळख पटवण्यासाठी फोनवर अंगठा ठेवा.” मी फोन ठेवला.

आता दुसरी गोष्ट. तुझी आई म्हणते, पत्र लिहायचंच तर त्या विषयावर लिहा, इकडचं तिकडचं काय लिहिता. तर लिहितो.

मी पेपराला पस्तीस वर्षं पत्रं पाठवतोय. खड्ड्यांवर, दिव्यांवर, गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक आधी रडतात आणि मग गाणं ऐकतात त्यावर. सिनेमातली जुनी गाणी नवीन ढोल लावून परत विकतात त्यावर. आणि मी एक नियम पाळला आहे: ज्याच्यावर लिहायचं त्याच्याशी आपला संबंध असेल तर तो सहीखाली जाहीर करायचा. खड्ड्यावर लिहिलं तेव्हा ‘खड्ड्यात पडलेला’ असं लिहिलं होतं. तुझ्या मालिकेवर लिहिलं तेव्हा ‘लेखिकेचे वडील’ असं लिहिलं. न लिहिता गप्प राहिलो असतो तर ती लबाडी झाली असती. माझ्या डोक्यात एवढंच होतं, देवाशपथ.

संपादकांनी मात्र माझी दोन वाक्यं ठेवली आणि वर मथळा दिला, ‘लेकीची मालिका बापालाच असह्य!’ संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या फोनवर. तुझ्या ऑफिसात कोणीतरी भिंतीला चिकटवलं, हे मला नंतर कळलं. तू फोन केलास. “बाबा, मला फोन करून सांगता आलं नसतं?” एवढंच बोललीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

पत्रातला मजकूर खरा होता, हे मी आजही म्हणतो. मालिकेत दारावरची बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत सात मिनिटं लागली होती, मी घड्याळ लावलं होतं. ‘जे एका वाक्यात सांगता येतं त्याला ही मालिका चार भाग घेते’ हे वाक्यही चांगलं उतरलं होतं. तर असं आहे.

तुझा,
बाप (अजून अर्ज प्रलंबित)


९ फेब्रुवारी

भिंगरी,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलं आहे. मी संतापलो आहे.

काल साडेसातला मी नेहमीप्रमाणे पाठ करून बसलो होतो. तुझी आई एकदम “अगंबाई” म्हणाली. मी वळलो नाही. मग टीव्हीतून एक म्हातारा बोलला: “बाई, लोकांना दिसावं म्हणून चाळीस वर्षं हा अंगठा झिजला. तुमच्या यंत्राला दिसत नसेल तर त्याला चष्मा लावा.”

मग वळलो.

कोण आहे तो नट? त्याला मिशा का? मला कधी मिशा होत्या? आणि त्या धाकट्या जावेचे आजोबा अचानक कुठून उगवले, आठशे भाग झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता! इतके दिवस काय ते पोटमाळ्यावर होते? शब्दन् शब्द माझा आहे. याला चोरी म्हणतात. घरातल्या चोरीला तर कुलूपही नसतं.

तुझ्या आईला विचारलं, “तू सांगितलंस तिला?” तुम्ही दर रविवारी बाल्कनीचं दार लावून बोलता, मला काय कळत नाही? ती म्हणाली, “मी तुमची बातमी पुरवत नाही. तब्येत विचारली तर तब्येत सांगते.” पण ओठ दाबून हसत होती. म्हणजे तिनंच सांगितलं असणार. तू माझी पत्रं फोडतही नसशील, ड्रॉवरमध्ये टाकत असशील, हे मी गृहीत धरून चालतो. तरी हे लिहितो, कारण गप्प बसलो तर मला झोप लागणार नाही.

तो नट भिंग चुकीचं धरतो.

कालच्या भागात त्यानं भिंग उचललं आणि अंगठा थेट काचेच्या पोटावर ठेवला. माझ्या छातीत कळ आली. कोणताही कारागीर मेला तरी असं धरणार नाही. भिंग कडेनं धरायचं, अंगठा आणि मधलं बोट, पहिलं बोट मोकळं. मग खिडकीकडे तोंड करायचं आणि भिंगातून खिडकीचा गज बघत भिंग हळूच बाजूला सरकवायचं. गज उलट दिशेला पळाला तर ते वाचायचं भिंग. बरोबरीनं पळाला तर लांबचं बघायचं. हे मी तुला सातव्या वर्षी शिकवलं होतं, तू विसरलीस. शिवाय भिंग ठेवताना तो टेबलावर ठेवतो! भिंग नेहमी कापडावर ठेवतात, फुगीर बाजू वर. शिकवून ठेव त्याला. नाहीतर आजोबा काढून टाक.

कार्डाचं काही झालेलं नाही. दुसऱ्यांदा गेलो, परत आढळलो नाही. या वेळी मात्र रांगेत आणखी एकजण न आढळलेली निघाली. इस्पितळाच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी बाई. तिनं मला तिचे हात दाखवले. साबणानं धुऊन निघालेले, माझ्यासारखेच कोरे. आम्ही बाकावर बसून एक चहा प्यायलो, दोन्ही नसलेली माणसं.

बाप


२२ फेब्रुवारी

प्रिय, प्रिय, प्रिय भिंगरी (मागची थकबाकी धरून),

त्यानं भिंग कडेनं धरलं!

काल मी पाठ केली नव्हती. सरळ समोर बसलो होतो, लपवण्यात अर्थ नाही. म्हातारा खिडकीपाशी गेला. अंगठा आणि मधलं बोट. पहिलं बोट मोकळं. त्यानं गज बघितला, भिंग सरकवलं आणि नातीला म्हणाला, “उलटा पळाला बघ. वाचायचं आहे.” मग भिंग कापडावर ठेवलं. फुगीर बाजू वर.

मी उठून उभा राहिलो. तुझ्या आईला म्हटलं, “भिंग कसं धरायचं ते तू तिला सांगितलंस?” ती म्हणाली, “मला काय माहीत भिंग कसं धरतात? लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, तुम्ही मला एकदा तरी हात लावू दिलात का भिंगाला?”

खरं आहे. नाही दिला.

म्हणजे हे फक्त पत्रात होतं. म्हणजे तू पत्रं फोडतेस. फोडतेस आणि वाचतेस, आणि वाचून कामाला लागतेस. भिंगरी, या दोन वर्षांत मला इतका आनंद झालेला नाही. मी खोलीतल्या खोलीत तीन फेऱ्या मारल्या. तुझी आई म्हणाली, “पडाल.” मी म्हटलं, “पडू दे.”

उत्तर लिहू नकोस. मला उत्तर मिळालं आहे. मिशा राहिल्या तरी चालतील.

तुझा बाबा


६ मार्च

प्रिय भिंगरी,

बैस आणि वाच, कारण हे मी उभ्या उभ्या सांगू शकत नाही.

तुझ्या मालिकेतल्या आजोबांचं ते वाक्य गावभर झालं आहे. भाजीवाला मापात मारतो तर गिऱ्हाईक म्हणतं, काट्याला चष्मा लावा. सोमवारी तिसऱ्यांदा केंद्रात गेलो तर दाराशी आम्ही एकतीसजण होतो. भांडी घासणाऱ्या त्याच बाई होत्या, फरशा बसवणारे दोघे भाऊ होते, रंगाच्या कारखान्यातल्या चारजणी, एक निवृत्त सुतार. कोणाच्याच बोटांवर काही उरलेलं नव्हतं. एकमेकांचे हात बघून आम्हाला इतकं हसू यायला लागलं की पहारेकरी बाहेर आला.

आता कबूल करतो, हे आपोआप झालं नाही. माणसं भांडीवाल्या बाईंनी निरोप धाडून जमवली. तुझ्या आईनं माळ्यावरची माझी पत्र्याची पेटी काढायला लावली. तिच्यात जुन्या फ्रेमा होत्या, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या, जाड काड्यांच्या, मोडक्या. मी रात्रभर नाही, पण दोन दुपारी बसून त्यांना साधी काच बसवली आणि प्रत्येकाला एक दिली.

मी पुढे गेलो. काउंटरवर त्याच बाई. मी अंगठा लावला. ‘व्यक्ती आढळली नाही.’ मी खिशातून चष्मा काढला, यंत्राच्या डोक्यावर नीट बसवला, काडी जरा वाकवली आणि म्हटलं, “आता बघ म्हणावं.” आणि बाजूला झालो. मागून भांडीवाल्या बाई आल्या. त्यांनीही अंगठा लावला, चष्मा ठेवला. मग सुतार. जागा संपली तसे लोक एकावर एक ठेवायला लागले. अकराव्या चष्म्यानंतर काउंटरवरच्या बाईंनी तोंडावर फाईल धरली, कारण त्यांना हसू आवरेना. कोणी घोषणा दिली नाही, कोणी काच फोडली नाही. एकतीस माणसं गुपचूप चष्मे ठेवत होती.

केंद्राचे प्रमुख आतून धावत आले. “काय चाललंय हे?”

“आम्ही मदत करतोय,” सुतार म्हणाला. “त्याला दिसत नाही.”

“अहो, नियम आहे. अंगठ्याशिवाय नाही होत.”

तेव्हा काउंटरवरच्या बाई उठल्या. भिंगरी, खरी बाजी त्यांनी मारली, माझ्या नावावर घालू नकोस. त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं आणि वाचून दाखवलं: यंत्र चालत नसेल तर दोन साक्षीदार आणि अधिकाऱ्यानं समक्ष पाहून केलेली सही चालेल. “सर, मी हे जानेवारीत तुम्हाला लिहून दिलं होतं.” प्रमुख म्हणाले, “पण यंत्र चालतंय ना.” बाईंनी चष्म्यांच्या ढिगाकडे बोट केलं. “सर, हे चालतंय?”

बंद पडलेली तीन नंबरची खिडकी दुपारी बारा वाजता उघडली. लाकूड फुगलं होतं, सुतारानंच ठोकून उघडून दिली. पहिलं कार्ड भांडीवाल्या बाईंना मिळालं, सातवं मला. प्रमुखांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. साक्षीदार म्हणून फरशीवाले भाऊ उभे होते. सही झाली. चाळीस वर्षं मी लोकांच्या नजरेसाठी राबलो आणि त्या दिवशी एका माणसानं मला नीट नजरेनं बघितलं, एवढंच तर मागत होतो.

एक वाजता नगरसेवक आले, फोनवाल्यासकट. चष्म्यांच्या ढिगासमोर उभे राहून म्हणाले की ही खिडकी हे त्यांचं जुनं स्वप्न होतं. आम्ही त्यांना एक चष्मा दिला.

मालिकेबद्दल मी आजवर जे बोललो त्यातलं एक मागे घेतो. मी म्हणायचो, या करमणुकीनं कोणाचं काही होत नाही. मी तेच वाक्य जानेवारीत केंद्रात बोललो तेव्हा एकजण खोकला. तू ते मिशीवाल्याच्या तोंडी घातलंस तेव्हा खिडकी उघडली. मी चुकलो होतो.

तुझा बाबा (कार्ड क्रमांक सात)


२४ मार्च

प्रिय भिंगरी,

आज शनिवार. काल तू आजोबांना पत्र लिहायला बसवलंस, दूर गेलेल्या मुलीला. आज त्यांच्या दारावरची बेल वाजली, ते उठले, कडीला हात लावला, आणि भाग संपला. आता सोमवारपर्यंत मी काय करायचं? ही माणसाला वागवायची पद्धत आहे?

दाराबाहेर ती मुलगी असेल तर माझं एक स्पष्ट मत आहे, आणि ते मी टीकाकार म्हणून देतोय. ती इतक्यात यायला नको. खोटं वाटेल. त्या म्हाताऱ्यानं पत्रात काय लिहिलं? तब्येत, शेजारी, हवा, यंत्र. चार पानं लिहिली आणि मुद्द्याला हात घातला नाही. मुलीला चारचौघांत खाली मान घालायला लावली, आणि वर म्हणतो मजकूर खरा होता. अशा माणसाचं दार वाजवायला ती का येईल? प्रेक्षक मूर्ख नाहीत. त्यानं आधी चूक कबूल केली पाहिजे, सरळ, एका वाक्यात.

इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चहा घेतला. तुझ्या आईनं पेन उचलून परत माझ्या हातात दिलं.

भिंगरी, मी चुकलो. संबंध जाहीर करायचा होता तो पेपराला नव्हे, तुला. आधी तुला फोन करायला हवा होता, बाप म्हणून. तो केला नाही, कारण छापून आलेलं माझं मत मला तुझ्या मनापेक्षा मोठं वाटलं. सात मिनिटांचं दार ही तुझी चूक असेल, दोन वर्षांचं दार माझी आहे. मला माफ कर.

हे फक्त तुला लिहून भागणार नाही, कारण अपमान चारचौघांत झाला होता. सोबतचा कागद बघ. त्याची प्रत आजच पेपराला पाठवली आहे, त्याच सदराला. सगळी मिळून तीन वाक्यं आहेत. संपादकांना बजावलं आहे की एक शब्द कापला तर ऑफिसात चष्मा घेऊन येईन.

बाबा


२१ एप्रिल

प्रिय भिंगरी,

काल तुला बसमध्ये बसवून आलो आणि आज लगेच कागद घेतला. तू म्हणालीस, “पत्रं थांबवू नका, माझे आजोबा उपाशी मरतील.” म्हणून.

शिवाय काही गोष्टी नोंदवून ठेवायला हव्यात, नाहीतर तुझी आई आपल्या मनानं सांगत सुटेल. त्या सोमवारी मालिकेत दाराबाहेर दूधवाला निघाला. दोन दिवस श्वास रोखला तो दूधवाल्यासाठी! मी चिडलो होतो, पण तुझी आई म्हणाली, “बरं झालं. म्हातारा अजून तयार नव्हता.” मग पुढल्या रविवारी माझं पत्र छापून आलं, तीनही वाक्यं जशीच्या तशी. त्यानंतर पंधरा दिवस काही नाही. मी दर तासाला जिन्यात डोकावत होतो, हे तू तिच्याकडून ऐकलंच असशील.

मतदानाच्या दिवशी सकाळी कार्ड घेऊन गेलो. अधिकाऱ्यानं कार्ड बघितलं, तोंड बघितलं, बोटाला शाई लावली. कोऱ्या बोटावर ती काय खुलून दिसली! मत कोणाला दिलं ते गुप्त आहे. मात्र बाहेर नगरसेवक उभे होते, त्यांच्याकडे बघून मी इतका हसलो की गुप्त काही राहिलं नसावं. ते दोनशे चार मतांनी पडले. आमच्या खिडकीवर तोपर्यंत तीनशे दहा कार्डं झाली होती. हिशेब तू कर, मला बढाई मारायची नाही.

त्याच दिवशी दुपारी बेल वाजली.

मी उठलो. कडीला हात लावला आणि थांबलो. तुझी आई मोरीतून ओरडली, “अहो, उघडा!” पण माझा हात चालेना. बाहेर कोण आहे ते मला माहीत होतं. दूधवाला दुपारी येत नाही. पार्श्वसंगीत नव्हतं, फक्त कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. तुझी आई शपथेवर सांगते की मी सात मिनिटं उभा होतो. हे साफ खोटं आहे. तीन असतील.

दार उघडलं तर तू. केस कापलेस, वाळलीस, हातात पेपरचं कात्रण. मी चौकटीत नुसता उभा. ज्या माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत आहे त्याच्या तोंडातून हूं की चूं निघेना. तू म्हणालीस, “बाबा, काहीतरी बोला. निदान मत तरी द्या.”

आणि मी म्हणालो, “भाग फार लांबला.”

मग तू हसलीस की रडलीस ते मला नीट दिसलं नाही, कारण माझा चष्मा धुक्यानं भरला होता. तू तो काढलास, स्वतःच्या ओढणीला पुसलास आणि परत माझ्या नाकावर बसवलास. कडेनं धरून. अंगठा आणि मधलं बोट.

सातव्या वर्षी शिकवलेलं तू विसरली नव्हतीस. मग त्या नटानं आधी चुकीचं का धरलं, हे मी तुला विचारलं नाही. चार दिवस घरात होतीस तरी विचारलं नाही. बसमध्ये बसल्यावर तू स्वतःच खिडकीतून सांगितलंस: “मुद्दाम. म्हटलं, हे बघून तरी माझी मालिका बघत नाही म्हणणारा माणूस उघडा पडतो का ते बघू.”

पडलो. आणि असा पडलो की अजून हसतोय. बस निघून गेली, थांब्यावर मी एकटाच हसत उभा होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, “आजोबा, काय झालं? कोण होत्या त्या?”

या वेळी मी संबंध बरोबर जागी जाहीर केला. तिकीट काढायच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

आजच्या भागाबद्दल दोन तक्रारी आहेत, त्या उद्या फोनवर सांगीन. आधी तुला.

— लेखिकेचे वडील